बटाट्याला दाब, चीजला ऊब

विजेवर चालणाऱ्या प्रेशर कुकरात बटाटा शिजवून त्यात चीज मिसळण्याची पद्धत बीड जिल्ह्याच्या स्वयंपाकघरांना नवी असली, तरी ती ज्या तीन गोष्टींवर उभी आहे, म्हणजे कोंडलेली वाफ, फुगलेले पिष्ट आणि साकळलेले दूध, त्यांपैकी एकही गोष्ट या प्रदेशाला अनोळखी नाही. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा अशा तिखट व कोरड्या अंगाच्या ताटात मऊ, स्निग्ध आणि सौम्य चवीच्या पदार्थाला जागा असते, आणि चीज घातलेला बटाटा ही जागा तोंडीलावणे म्हणून चांगली भरून काढतो. मात्र तो बिघडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे बटाटा आणि चीज या दोहोंना एकाच वेळी, एकाच उष्णतेत शिजवण्याचा प्रयत्न. बटाट्याला दाब आणि तीव्र उष्णता लागते, तर चीजला दाब मुळीच सोसत नाही आणि त्याला बेताची ऊब पुरते. म्हणून या पदार्थाचे सारे कौशल्य कोणती वस्तू केव्हा घालावी या क्रमात आहे.

बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या बाजारात मिळणारा बटाटा बहुतांशी जिल्ह्याबाहेरून येतो, कारण बालाघाटाच्या डोंगररांगांतील हलकी जमीन आणि गोदावरीकाठची काळी जमीन ही मुख्यतः कापूस, सोयाबीन, बाजरी, तूर आणि रब्बी ज्वारीची आहे. महाराष्ट्रात बटाट्यासाठी नावाजलेला भाग म्हणजे पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि खेड हे तालुके. त्यांतील सातगाव पठारावर खरिपात बटाटा घेतात, आणि मंचरच्या बाजारात पंजाबातून आलेल्या बियाण्याच्या बटाट्याची मोठी उलाढाल होते. ग्राहकाला बटाट्याचे वाण सहसा विचारावेसे वाटत नाही, पण या पदार्थाच्या दृष्टीने तो प्रश्न महत्त्वाचा आहे. कुफरी चंद्रमुखी किंवा कुफरी ज्योती यांसारख्या वाणांत शुष्कांश, म्हणजे पाणी वजा जाता उरणारा घन भाग, तुलनेने बरा असतो आणि ते शिजल्यावर भुसभुशीत होतात, तर लवकर तयार होणाऱ्या कुफरी पुखराजमध्ये पाणी अधिक असल्याने त्याच्या फोडी अखंड राहतात, पण कुस्करल्यावर त्या किंचित ओलसर लागतात. वाण ठाऊक नसेल तर एक सोपी परीक्षा करता येते: एक भाग मीठ आणि अकरा भाग पाणी अशा द्रावणात बटाटा सोडला असता अधिक पिष्टाचा जड बटाटा तळाशी बसतो आणि पाणचट बटाटा तरंगतो. कुस्करून करायच्या पदार्थासाठी बुडणारा, तर फोडी ठेवायच्या असतील तर तरंगणारा बटाटा निवडावा. साल हिरवट झालेली असल्यास तो भाग खोलवर कापून टाकावा, आणि हिरवेपणा फार पसरला असेल तर बटाटाच टाकून द्यावा, कारण उजेडात राहिलेल्या बटाट्यात सोलॅनिन या वर्गातील कडू विषारी द्रव्ये वाढतात आणि कुकरच्या उष्णतेनेही ती नाहीशी होत नाहीत. शीतकपाटात बटाटा ठेवण्याची सवयही येथे नडते. फार थंडीत पिष्टाचे अंशतः साखरेत रूपांतर होऊन बटाट्याला गोडसर चव येते आणि चीजच्या खारटपणाशी ती जुळत नाही.

शिजणे म्हणजे बटाट्यात दोन निरनिराळ्या घटना घडणे होय. पेशींच्या आत साठवलेले पिष्टाचे कण सुमारे 60 ते 70 अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात. पण एवढ्याने बटाटा मऊ लागत नाही, कारण पेशींना एकमेकींशी जोडून धरणारे पेक्टिन हे द्रव्य विरघळण्यासाठी त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. पेक्टिन सुटले की पेशी अलग होतात आणि बोटाने दाबताच फोड विस्कटते. आम्ल पदार्थांच्या सान्निध्यात पेक्टिन सावकाश सुटते, म्हणून चिंच, टोमॅटो किंवा ताक घालून शिजवलेला बटाटा बराच वेळ कडक राहतो. घरोघरी हा अनुभव असतो, त्याचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. तेव्हा आंबट काही घालायचेच असेल, तर ते बटाटा पूर्ण शिजल्यानंतर घालावे.

उष्णता वाढवण्याचा मार्ग म्हणजे दाब. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी 100 नव्हे, तर सुमारे 98 अंशांना उकळते आणि कितीही जाळ लावला तरी त्यापुढे जात नाही, कारण जास्तीची सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वाफ कोंडली की भांड्यातील दाब वाढतो आणि त्याबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचे तापमान, वर सरकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने 1679 साली या तत्त्वावरील बंद भांडे तयार केले आणि त्याला सुरक्षा झडपही बसवली, जी पुढे वाफेच्या यंत्रांनाही उपयोगी पडली. भारतात 1910 मध्ये बंगालमधील इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशावर चालणारा, एकावर एक डबे रचण्याचा इकमिक कुकर तयार केला. त्यात दाब नव्हता, केवळ वाफ होती, तथापि एकदा मांडून ठेवून इतर कामाला लागण्याची सोय त्यात होती. शिट्टीचा प्रेशर कुकर घराघरांत पोहोचण्याचा काळ त्यानंतरचा असून मुंबईत हॉकिन्स कंपनीची स्थापना 1959 साली झाली. शिट्टीच्या कुकरात वजनामुळे साधारण एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब साचतो आणि आतले तापमान 120 अंशांच्या आसपास जाते. विजेचा कुकर त्याहून थोड्या कमी दाबावर चालतो. त्यातील तापमान साधारण 113 ते 116 अंश असते, आणि म्हणून त्याच पदार्थाला त्यात थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

विजेच्या कुकराची रचना एकदा समजून घेतली म्हणजे त्याविषयीची भीती बरीचशी ओसरते. बाहेरच्या आवरणात खाली उष्णता देणारी तबकडी असते, तिच्यावर स्टीलचे काढता येणारे भांडे बसते, झाकणाच्या आतल्या कडेला सिलिकॉनचे रबर असते आणि झाकणावर वाफ सोडण्याची झडप व दाब साचताच वर येणारी एक लहानशी पिन असते. भांड्याखालील संवेदक, म्हणजे तापमान ओळखणारा घटक, आणि दाबाचे बटण यांच्याकडून मिळणाऱ्या माहितीनुसार आतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तबकडीचा वीजप्रवाह चालू किंवा बंद करते, त्यामुळे ठरलेला दाब आला की वीज थांबते आणि दाब उतरू लागला की ती पुन्हा सुरू होते. कॅनडात 2010 साली बाजारात आलेल्या इन्स्टंट पॉट या कुकरामुळे हा प्रकार जगभर प्रसिद्ध झाला, आणि परदेशातील मराठी घरांत वरण-भातापासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत अनेक पदार्थ त्यात होऊ लागले.

या कुकराला शिट्टी नाही, आणि शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणाऱ्या हाताला हीच पहिली अडचण वाटते. वास्तविक शिट्टी हे काळाचे विश्वासार्ह माप नाही. गॅस मोठा असेल तर दोन शिट्ट्यांमधील अंतर कमी होते, मंद असेल तर वाढते, आणि भांडे किती भरले आहे यावरही ते बदलते. विजेच्या कुकरात पूर्ण दाब आल्यानंतरची मिनिटे मोजली जातात, म्हणून एकदा जमलेले प्रमाण पुढच्या वेळीही तसेच जमते. शिट्टीवाटे वाफ निघून जात नसल्याने पाणीही कमी लागते, पण किमान एक वाटीभर, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर, पातळ पाणी तळाशी असलेच पाहिजे, कारण वाफ त्याच पाण्याची होते. पाण्याऐवजी दूध, साय किंवा चीजचे दाट मिश्रण घातले, तर ते तळाशी धरते, खालची उष्णता वर पोहोचत नाही आणि संवेदकाला भांडे प्रमाणाबाहेर तापल्याचे जाणवून कुकर मध्येच बंद पडतो. अनेक कुकरांच्या पडद्यावर उमटणारी करपण्याची सूचना बहुधा याच कारणाने आलेली असते.

बीड जिल्ह्यात विजेच्या उपकरणाचा विचार करताना परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. तेथील पहिला संच 1971 साली सुरू झाला, आणि कोळशाच्या उष्णतेने पाण्याची उच्च दाबाची वाफ करून तिच्या जोरावर वीज निर्माण करणाऱ्या या केंद्राला 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी आपले संच थांबवावे लागले. ज्या जिल्ह्यात पाणी इतके मोलाचे आहे, तेथे एक किलो बटाटे भांडेभर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देण्यापेक्षा वाटीभर पाण्याच्या वाफेवर शिजवणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. विजेचा खर्चही फारसा नाही. 1000 वॉटच्या कुकरात एक किलो बटाटे शिजवण्यास साधारण पाव युनिट वीज पुरते. मात्र खेड्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो आणि त्याचा परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो, कारण तबकडीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: 230 व्होल्टऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर 1000 वॉटची तबकडी सुमारे 610 वॉटच उष्णता देते आणि वाफ धरायला तितकाच अधिक वेळ लागतो. मध्येच वीज गेली, तर झाकण उघडण्याची घाई करू नये. बंद भांडे बराच वेळ गरम राहते आणि त्या साठलेल्या उष्णतेवर बटाटा पुढे शिजत राहतो. वीज परत येईपर्यंत पिन खाली बसली असेल आणि बटाटा कच्चा असेल, तर पाणी पाहून दोन-तीन मिनिटांचा दाब पुन्हा द्यावा.

वेगाच्या बाबतीत या कुकराची जी वाखाणणी होते, तिच्यात अतिशयोक्ती आहे. वाफ धरण्याची आठ-दहा मिनिटे, शिजण्याची सात आणि दाब उतरण्याची दहा अशी बेरीज केली, तर गॅसवरचा कुकर मागे पडत नाही. विजेच्या कुकराचा खरा लाभ हा की त्याच्याजवळ कोणी उभे राहावे लागत नाही, आणि शाळा, दवाखाना किंवा शेत सांभाळून स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो लाभ फार मोठा आहे. ज्यांना या मोकळ्या वेळाची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत मात्र तो पोहोचत नाही. बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गाळप संपेपर्यंत उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. तेथील स्त्रिया दिवसभर मोळ्या बांधून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतात, आणि विजेच्या उपकरणांविषयीच्या कोणत्याही कौतुकात ही वस्तुस्थिती नजरेआड करणे योग्य नाही.

आता चीज. मराठवाड्यात दूध टिकवण्याची परंपरा आहे, पण ती खव्याची आहे. बीडच्या सीमेला लागून असलेल्या भूम तालुक्यात आणि कुंथलगिरीच्या परिसरात खव्याच्या भट्ट्यांचा व्यवसाय मोठा आहे. खवा करताना दुधातील पाणी आटवून घालवतात आणि बाकी सारे, म्हणजे स्निग्धांश, प्रथिने व दुग्धशर्करा, एकत्र ठेवतात. म्हणून खवा गोडसर लागतो. चीज करताना याच्या उलट मार्ग धरला जातो: दुधात रेनेट हे विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवणारे प्रथिन, घातले की केसीन या मुख्य दुग्धप्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून दही धरल्यासारखा गोळा होतो आणि पाण्याबरोबर बरीचशी साखर निवळीतून निघून जाते. गाईच्या सुमारे दहा लिटर दुधापासून एक किलो चेडर चीज मिळते. केसीनच्या या जाळ्यात कॅल्शियमचे बंध टिकून राहतात, आणि उष्णता मिळाली की ते जाळे सैल होऊन वाहू लागते. हेच चीजचे वितळणे. पनीर मात्र लिंबू किंवा तत्सम आम्ल घालून नासवलेल्या गरम दुधाचे असते, त्यात आम्लामुळे कॅल्शियमचे बंध सुटलेले असतात, म्हणून ते तापवले तरी वितळत नाही. किसलेले पनीर बटाट्यात घालून चीजचा परिणाम मिळेल अशी अपेक्षा त्यामुळे व्यर्थ ठरते.

बाजारात वडीच्या रूपात मिळणारे चीज बहुधा प्रक्रिया केलेले असते. चीज नुसते फार तापवले तर प्रथिने आकसतात, तूप सुटते आणि मागे चिवट दोरे उरतात. हा दोष टाळण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये व पुढे अमेरिकेत चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेट वर्गातील क्षार मिसळून ते पुन्हा वितळवण्याची रीत निघाली. हे क्षार कॅल्शियमला बांधून ठेवतात, त्यामुळे प्रथिन स्निग्धांशाला सोडत नाही आणि वितळलेले चीज एकजीव राहते. घरगुती बटाट्यासाठी हेच चीज अधिक खात्रीचे, कारण त्यात चूक झाकली जाते. मोझरेला तार चांगली देते, पण निवल्यावर तिचा चिवटपणा वाढतो. महाराष्ट्रात चीज तयार करणारे मोठे प्रकल्प बारामती आणि मंचर येथे आहेत, म्हणजे ज्या मंचरच्या बाजारातून बटाटा निघतो त्याच परिसरातून चीजही निघते. वारकरी आणि शाकाहारी कुटुंबांनी चीज घेताना वेष्टनावरील हिरवी खूण पाहावी. अशा चीजमध्ये वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेले विकर वापरलेले असते.

प्रत्यक्ष कृतीसाठी एक किलो बटाटे सोलून त्यांच्या साधारण चार सेंटिमीटरच्या सारख्या फोडी कराव्यात. फोडी लहान-मोठ्या असल्या तर काहींचा गाळ होतो आणि काही कच्च्या राहतात. फोडी दोन पाण्यांतून धुऊन घेतल्या की कापताना सुटलेले पिष्ट निघून जाते आणि झडपेपर्यंत फेस येत नाही. कुकरच्या भांड्यात 250 मिलिलिटर पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालावे, त्यावर जाळी ठेवून फोडी रचाव्यात, झाकण लावून झडप बंद करावी आणि उच्च दाबावर सात मिनिटे द्यावीत. वेळ संपल्यावर दहा मिनिटे हात लावू नये, नंतर लांब दांड्याच्या उलथन्याने झडप उघडून राहिलेली वाफ सोडावी आणि पिन पूर्ण खाली गेल्यावरच झाकण काढावे. तळाचे पाणी एका वाटीत काढून ठेवावे, कारण त्यात उतरलेले पिष्ट पुढे कामास येते. जाळी काढून बटाटे रिकाम्या गरम भांड्यात परतावेत आणि एखादे मिनिट उघडेच ठेवून त्यांतील ओल उडू द्यावी.

यानंतर प्रथम लोणी घालावे, सुमारे 30 ग्रॅम, आणि बटाटे पावभाजीच्या दट्ट्याने जाडसर कुस्करावेत. लोणी दुधाआधी घालण्याचे कारण असे की स्निग्धांशाचा थर बसलेले पिष्ट नंतर पाणी बेताने शोषते आणि मिश्रण चिकट होत नाही. मिक्सरचा उपयोग येथे कटाक्षाने टाळावा. त्याच्या पात्यांनी फुगलेल्या पेशी फुटून आतले पिष्ट बाहेर येते आणि बटाट्याची खळ तयार होते, जी नंतर कशानेही सुधारत नाही. मग 150 मिलिलिटर गरम दूध मिसळावे, कुकर बंद करावा आणि मिश्रणाची धग थोडी उतरू द्यावी. सहा वड्या, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम, किसलेले चीज तीन वेळा थोडेथोडे घालत हलक्या हाताने मिसळावे. बटाट्याचीच ऊब त्याला वितळवण्यास पुरेशी असते. मिश्रण घट्ट वाटले तर वाटीतील पिष्टमिश्रित पाणी घालावे, कारण त्यातील पिष्ट चीजच्या प्रथिनांना एकमेकांवर गोळा होऊ देत नाही. मीठ अगदी शेवटी चाखून घालावे, कारण चीजमध्ये ते आधीच भरपूर असते, आणि रक्तदाबाचा विकार असलेल्यांसाठी वरून मुळीच घालू नये.

बीडच्या चवीला यावर फोडणी हवीच. लहान कढल्यात साजूक तूप तापवून जिरे, ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची तळावी आणि ती फोडणी कोथिंबिरीसह वरून ओतावी. काळा मसाला मात्र यात घालू नये; त्याच्या खमंगपणापुढे चीजची चव उरत नाही. अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीच्या नवरात्रात घरोघरी बटाटा उपवासाला चालतो, परंतु चीज चालावे की नाही हे घराघराच्या रीतीवर आहे, आणि जेथे ते चालत नाही तेथे लसूण वगळून लोणी, दूध व शेंगदाण्याचे कूट एवढ्यावर हाच बटाटा चांगला होतो.

बटाटा आणि चीज यांची जोडी जगात अनेक ठिकाणी जमलेली आहे. फ्रान्सच्या ओब्राक पठारावर कुस्करलेल्या बटाट्यात ताजे चीज घोटून लांब तार येणारा अलिगो करतात, तर पेरूमध्ये उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचे दाट वाटण घालतात. मराठी जिभेला सर्वांत जवळचा ठरेल तो भूतानचा केवा दात्शी; त्यात बटाट्याच्या चकत्या, हिरवी मिरची आणि स्थानिक चीज एकाच भांड्यात रटरटतात, आणि तेथेही चीज बटाटा शिजत आल्यावरच पडते. खव्याच्या मुलखात थोडा खवा घालून पाहण्याचा मोह होणे साहजिक आहे. चीजच्या जोडीने दोन चमचे बिनसाखरेचा खवा घातला तर गोडसर घनता येते, पण चीजची जागा तो घेऊ शकत नाही, कारण त्यातील प्रथिनांना तार धरता येत नाही.

वसतिगृहासाठी किंवा घरच्या कार्यासाठी प्रमाण वाढवताना बटाटे दुप्पट झाले म्हणून मिनिटे दुप्पट करू नयेत. शिजण्याचा वेळ फोडीच्या जाडीवर अवलंबून असतो, संख्येवर नव्हे. अधिक बटाट्यांना वाफ धरायला जास्त वेळ लागतो, तो कुकर आपोआप घेतो. भांडे मात्र दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. झाकणाचे सिलिकॉनचे रबर प्रत्येक वेळी काढून धुवावे आणि मोकळ्या हवेत वाळवावे, अन्यथा लसणाचा वास त्यात राहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या खिरीला लागतो. उरलेला बटाटा थंड झाल्यावर घट्ट होतो. तो पुन्हा दाबाखाली न ठेवता चमचाभर दूध घालून मंद आचेवर मोकळा करावा, किंवा ज्वारीच्या पिठात मळून त्याची धपाटी लावावीत.